फेटेवाल्यांच्या पायाशी काय लिहिलं होतं

आमच्या घरात तेव्हा माणसं चार आणि फेटेवाले दोन. माणसं म्हणजे आप्पा, काकू, ताई आणि मी. आप्पा शिलाईकाम करायचे. काकू म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला कामाला, म्हणून ती आमच्यातच असायची. आई काविळीनं जाऊन दोन वर्षं झाली होती. फेटेवाले होते भिंतीवर. दारातून आत आलं की समोर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली आप्पांचं मशीन, आणि डाव्या हाताला, बाजरीच्या कणगीच्या वर, आपापल्या लाकडी चौकटीत हे दोघं शेजारी शेजारी. दाढ्या छातीपर्यंत, डोक्यावर कलिंगडाएवढे फेटे, अंगात पायघोळ झगे. चेहरे आणि हात छापील, बारीक काळ्या रेघांचे. पण अंगावरचे कपडे मात्र खरे, कापडाचे, कागदावर खळीनं चिकटवलेले. एकाला आम्ही थोरले म्हणायचो, दुसऱ्याला धाकटे. थोरले आढ्याकडे बघत असायचे आणि धाकटे थेट माझ्याकडे. मी घरात कुठंही बसले तरी माझ्याकडेच. लहानपणी मला त्यांचा इतका राग यायचा, की जेवताना मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे.

हे दोघं कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमचा आजा पुण्याला कॅम्पात एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर कामाला होता. ते लोक बंगला विकून विलायतेला गेले, तेव्हा बाईनं जुनी भांडी, एक छत्री आणि या दोन तसबिरी आज्याला दिल्या. आज्यानं बाकीचं वाटून टाकलं आणि तसबिरी मात्र जपून गावी आणल्या. का, ते त्यालाच ठाऊक. पुढे धर्मांतर झालं, घरातले सगळे देव त्यानं कुकडी नदीत सोडले, तेव्हा भावकीतले म्हणाले की हे दोघंपण सोड. आजा म्हणाला, "ही मानसं हायेत, देव न्हाईत. मानसाला कशापायी बुडवायचं?" तेव्हापासून तो विषय मिटला, असं आम्ही समजत होतो. तरी वरच्या आळीतली एक म्हातारी बाई दर गुरुवारी दारातूनच त्यांना हात जोडून जायची, कारण तिच्या मते ते पीर होते. आई तिला आतून ओरडून सांगायची, "अवं मावशे, पीर न्हाईत ते!" म्हातारी मान डोलवायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायची.

आई लग्न होऊन आली, तेव्हा फेटेवाल्यांच्या अंगावरचं मूळचं रेशीम कसरीनं खाऊन चाळण केलेलं होतं. झग्याच्या जागी नुसता पिवळा कागद. आईचं म्हणणं काकूनं मला कितीदा तरी सांगितलंय: "दोन बाप्ये भितीवर उघडेबोडके, आन खाली मी नवी नवरी भाकऱ्या थापतीय. बरं दिसतं का ते?" मग तिनं आप्पांच्या मशीनखालच्या चिंध्यांतून त्यांना कपडे केले. थोरल्यांना खणाचा झगा, मेंदी रंगाचा. धाकट्यांना कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजपिसाचा, जांभळा. चित्रात झग्याच्या कडेला केसाळ कातडं दाखवलेलं होतं, तिथं तिनं जुन्या घोंगड्याची कड लावली. कमरेला जरीच्या काठाची पट्टी. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, आणि चिंधी कापताना जीभ दातात धरायची. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी घर सारवलं-रंगवलं की ती दोघांना खाली उतरवायची, काच काढायची आणि विरलेलं कापड बदलायची. आम्ही पोरी भोवती बसायचो. तिला त्या वेळी हसताना पाहिल्याचं मला आठवतं. एरवी ती फार हसत नसे.

गेल्या वर्षी माझ्या लेकीनं मोबाइलवर काहीतरी शोधून मला दाखवलं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सकडे बायका हौसेनं असंच करत म्हणे. बाजारात छापील चित्र मिळायचं, त्यातला कपड्याचा भाग त्या रेशमानं, जरीनं सजवायच्या. तुर्कस्तानच्या सुलतानाचे वकील त्यांच्या राजाच्या दरबारात येत, तेव्हा त्यांचे ते फेटे आणि झगे बघायला रस्त्यात गर्दी व्हायची, आणि मग त्यांची चित्रं विकली जायची. म्हणजे थोरल्यांना पहिले कपडे आईनं नव्हे, कुठल्या तरी परक्या बाईनं केले होते. हे कळल्यावर मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, ते अजून ठरलेलं नाही.

मी नववीत होते त्या वर्षी ताईला पारगावचं स्थळ आलं. आधीची दोन स्थळं फिसकटली होती. एका ठिकाणी तिची उंची नडली आणि दुसऱ्या ठिकाणी काय नडलं ते त्यांनी सांगितलंच नाही. हा मुलगा शाळेत शिपाई होता, शांत, केस चापूनचोपून बसवलेला. त्याचे वडील साखर कारखान्यावर उसाच्या वजनकाट्याला होते आणि शिवाय बौद्धाचार्य. आसपासच्या दहा गावांतली लग्नं तेच लावायचे. त्यांचा दरारा आमच्यापर्यंत पोचला होता. एका लग्नात नवरदेवाच्या मनगटाला लिंबू बांधलेलं दिसलं म्हणून ते अर्ध्यातून उठून गेले होते, असं काकूनं कुठून तरी ऐकून आणलं होतं. त्यामुळे ते यायच्या दिवशी घर पहाटेपासून कामाला लागलं होतं. काकूनं मासवडी केली. बेसन थापायचं, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, ओल्या फडक्यानं वळी करायची. तिची वळी कधी फुटत नसे, त्या दिवशी दोन फुटल्या. रश्शाला मात्र अशी चव आली होती की पाहुण्यांनी दोनदा वाढून घेतला. आमचा जीव भांड्यात पडला.

जेवण झाल्यावर मुलाचे वडील हात पुसत उठले, भिंतीपाशी गेले, खिशातून चष्मा काढला आणि थोरल्यांसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग वळून म्हणाले, "हे कोण म्हनायचं?"

आप्पा म्हणाले, "जुन्या काळचं सरदार हायेत कुनीतरी."

त्याच क्षणाला काकू आतून म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या सायबाचं दोस्त व्हतं ते!"

आणि मी, मला कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाले, "ते पीर नाहीयेत."

पाहुणे आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीनं तिच्यात काहीतरी लिहिलं, "बरं, कळवतो," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर दीड महिना त्यांच्याकडून ना चिठ्ठी ना निरोप. सुरुवातीला आप्पा म्हणत, "येईल, येईल." मग तेही बोलायचे बंद झाले, नुसतं मशीन चालवत बसायचे. काकूनं मात्र निकाल लावून टाकला होता. "वहीत लिवलं त्यांनी, म्या डोळ्यांनी बघितलं. लिवलं आसंल, हितं अजून जुनं देव भितीवर हायेत म्हणून. आता सगळ्या तालुक्यात बोभाटा व्हनार. भावजी, त्येस्नी खाली काढा आन न्हेऊन टाका." आप्पांनी मान वर केली नाही. आईनं कपडे केलेली ती माणसं आप्पा टाकणार नव्हते, हे मला दिसत होतं. पण नाही म्हणायची ताकदही त्यांच्यात उरली नव्हती. आणि ताई? ताईनं मला गोठ्यात एकदाच सांगितलं होतं, "मला पसंत हाये गं तो." तेवढंच. आता ती भाकरी अर्धी टाकून उठायची. तिला कशाचं काही विचारलं की म्हणायची, "मला काय म्हाईत."

मला मात्र वाटायला लागलं की हे कोण, एवढं एकदा कळलं की सगळं सुटेल. आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली म्हणून घोटाळा झाला. एक खरं उत्तर दिलं की ताईचं लग्न जमेल. नववीतल्या मुलीला असं सरळ सगळं दिसतं. मी थोरल्यांना गोधडीत गुंडाळलं, शाळेला दांडी मारली आणि येष्टीनं जुन्नरला गेले. तिथं तसबिरींना काच बसवणारे एक म्हातारे चाचा होते. येष्टीत शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे गं त्यात. मी म्हणाले, आरसा. अजूनही कुणी आरसा म्हटलं की मला त्या येष्टीचा हादरा आठवतो, इतकी मी घाबरलेली होते.

चाचांनी चौकट उलटी करून खिळे काढले, काच बाजूला ठेवली आणि नाक लावून पाहिलं. "पीर-बीर नाय बेटा हा," ते म्हणाले. "हा छापा हाये, परदेसातला. कापड लई नामी लावलंय, कुनी लावलं?"

"आईनं."

"बढिया. हे बघ, अशा छाप्याच्या पायाशी नाव असतंच. हितं ही फुलांची पट्टी हाये ना, तिच्याखाली आसनार. ती काढली तर कळंल कोन ते."

चित्राच्या खालच्या बाजूला, थोरल्यांच्या पायाच्या खाली, आईनं पिवळ्या साटीनची चार बोटं रुंद पट्टी लावली होती आणि तिच्यावर तांबड्या दोऱ्यानं बारीक फुलं भरली होती. धाकट्यांनाही तशीच. झगे दरवर्षी बदलायचे, या पट्ट्या कधीच नाही.

"तुम्ही काढून द्या की," मी म्हणाले.

चाचांनी काच परत बसवली. "मी नाय काढनार. ज्यानं लावली त्याला इचार आधी."

"ती नाही आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिळे ठोकायला घेतले. मला त्यांचा राग आला.

आप्पा बेल्ह्याच्या बाजाराला गेले त्या दिवशी दुपारी मी ते काम केलं. ते बाजारात मशीन मांडून बसायचे, संध्याकाळशिवाय येत नसत. काकू आणि ताई टोमॅटोच्या तोडणीला. चुलीवर पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, चौकटीतून चित्र काढून त्याचा खालचा भाग वाफेवर धरला आणि सुईनं पट्टीची कड उचलायला लागले. आईची खळ. ती काय अशी सुटते! जुन्या खळीचा वास नाकात चढला. मध्यावर आल्यावर साटीन टरकन फाटलं, तीन फुलं एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे. मी थांबले का? नाही. उलट अक्षरं दिसायला लागली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की तोंडानं काहीतरी गुणगुणतही होते. हे सांगताना आज लाज वाटते, पण तसंच झालं.

अक्षरं इंग्रजी होती, पण शब्द लागेनात. नाव अर्धं कसरीनं खाल्लेलं, शेवटी 'एफेंदी' असं काहीतरी. खाली आणखी एक ओळ. मी सगळं वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाईंकडे गेले. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे इंग्लिश नाहीये गं. मला नाही येत हे." मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा मात्र अँबॅसडरसारखा दिसतो. आणि हा ऑटोमन. म्हणजे तुर्कस्तान. तुर्की सुलतानाचा अँबॅसडर."

मी म्हणाले, "बाई, ती तर गाडी असते."

"गाडी नाही, राजदूत."

राजदूत तर आमच्याकडे बेल्ह्याला बैल घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याची फटफटी होती. बाईंनी शेवटी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, की एका राजाचा माणूस दुसऱ्या राजाच्या दरबारात जाऊन राहतो, त्याचं बोलणं पोचवतो. मला निम्मं कळलं. पण देव नाही आणि पीर नाही, एवढं पक्कं झालं होतं. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड घेतलं आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, घरात कुणालाही न सांगता, पारगावला लिहिलं: 'आमच्या घरातील तसबीर ही कोणत्याही देवाची अथवा पिराची नसून तुर्कस्तानच्या राजदूताची आहे, तरी गैरसमज नसावा.' खाली 'आपली नम्र' आणि माझं पूर्ण नाव. चित्र आदल्या संध्याकाळीच भिंतीवर परत टांगलं होतं आणि त्याच्या खाली कणगीवर सुपं अशी रचून ठेवली होती की पायाशी काय झालंय ते कुणाला दिसू नये.

आठवड्यानं ते आले. मुलगा, त्याची आई आणि वडील, हातात पेढे. आप्पांना काही उमगेना, ते शर्टाची बटणं लावत उभे राहिले. मुलाच्या वडिलांनी खिशातून माझं कार्ड काढलं आणि हसत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "कोन गं ही नम्र?" काकूनं माझ्याकडे बोट केलं.

"अगं पोरी," ते म्हणाले, "गैरसमज कसला? हंगाम सुरू झाला, काट्यावर येकाला येक गाडी लागलेली, रजा मिळंना. तोंडानं सांगायची गोष्ट कागदावर कशाला, म्हणून निरोप धाडला न्हाई. आमाला पोरगी त्याच दिवशी पसंत व्हती."

"पर तुमी वहीत लिवलं ते?" काकूला राहवलं नाही.

"त्ये व्हय? येष्टीची येळ लिवली. इसरतो मी." मग ते भिंतीकडे वळले. "आन ह्यांचं म्हणशील तर, कापड लई झ्याक लावलंय म्हणून बघत व्हतो. सहज इचारलं, कोन म्हणून. तुमी तिघं येकदम बोलायला लागला, मला हसूच आवरंना. गप निघालो." असं म्हणून त्यांनी नीट बघता यावं म्हणून कणगीवरची सुपं बाजूला केली.

पट्टीच्या जागी ओरखडलेला कागद आणि काळी अक्षरं. आप्पांनी ते पाहिलं. पाहुण्यांसमोर त्यांनी काही दाखवलं नाही, पेढा तोंडात घातला, तारखेचं बोलणं केलं. ताई आत माठाला टेकून रडत होती आणि हसत होती. मीही तिच्याबरोबर नाचले असते, पण माझं सगळं लक्ष आप्पांकडे होतं.

पाहुण्यांना येष्टीवर सोडून आप्पा परत आले आणि चित्रासमोर उभे राहिले. मला वाटलं, मार बसणार. म्हणून मी घाईघाईनं सांगत सुटले, की त्याखाली नाव होतं, आप्पा, तुर्कस्तानचा राजदूत आहे तो, मी शोधून काढलं, आईनं उगीच झाकून टाकलं होतं, नाहीतर आधीच कळलं असतं.

"उगीच न्हाई झाकलं," आप्पा म्हणाले. ते कणगीला टेकून खाली बसले. "तू दुसरीत व्हतीस. नवीन नवीन वाचायला लागलीवतीस. पाटी, डबा, पिशवी, दिसंल ते वाचायची. ह्या अक्षरांवर आलीस आन अडलीस. मग तिच्या मागं लागलीस. आई, ह्ये काय लिवलंय? वाच की. रोज. ती भाकरी करताना, पानी भरताना. आई, वाच की, तुला येत न्हाई व्हय? येक दिस तिनं मला इचारलं, 'काय वो लिवलंय तितं?' म्या म्हनलं, 'आसंल काय तरी, मला कामं हायेत.' सातवी झालेला मानूस मी. मला येत न्हाई म्हनायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं खळ शिजवली आन दोनी पट्ट्या लावल्या. म्हनली, 'आता पोरगी इचारायची न्हाई.'"

मला यातलं काहीही आठवत नाही. त्या दिवशी आठवलं नाही, आजही नाही. मी किती वेळा डोकं धरून बसले असेन, पण मला आठवते ती फक्त फुलांची पट्टी, अक्षरं नाहीत. आप्पा खोटं बोलणारे नव्हते, म्हणजे मी विचारलं असणारच. धाकट्यांच्या पट्टीला मी पुढं कधी हात लावला नाही. लेक म्हणते की ते कोण हे जाणून घ्यायला हवं, आता सगळं मोबाइलवर निघतं. तिला मी म्हणते, असू दे.

त्या दिवशी मी आप्पांना एवढंच म्हणाले, "आप्पा, ते कुणालाच येत नव्हतं. बाईंनापण आलं नाही."

आप्पा म्हणाले, "तिला सांगायला पायजे व्हतं कुनीतरी."